चिंपांझी एवढे हुशार असतात, मग माणसावर उलटतात का? भाचा माकड पाळायचं म्हणतोय

शिवाजीपेठकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. माझा भाचा कॉलेजला आहे, दिवसभर रील्स बघत बसतो आणि हल्ली त्यात सगळे चिंपांझीच. डायपर घातलेलं पिल्लू बाटलीनं दूध पितंय, कुणाच्या तरी गाडीत पुढच्या सीटवर बसलंय, मोबाईलवर बोटानं स्क्रोल करतंय. आता त्याच्या डोक्यात बसलंय की आपण पण माकड पाळायचं. चिंपांझी काय मिळणार नाही हे त्यालाही कळतं, पण मार्मोसेट म्हणून मुठीएवढं माकड असतं ते कुणीतरी इन्स्टावर विकतंय, त्याचे फोटो रोज घरच्या ग्रुपवर टाकतोय आणि आता आमची ताई पण पाघळायला लागली आहे.

मला यातलं फार कळत नाही. पण परवा पन्हाळ्यावर गेलो होतो तिथं एका माकडानं बाईच्या पर्सची चेन दोन बोटांत धरून सरळ ओढली, आतला डबा काढला, मांडीवर धरून झाकण नखानं उचकटलं. बाईनं डबा घ्यायला हात पुढं केला तसं दंडाला चावलं. आणि चावून पळालं पण नाही, तिथंच बसून चपाती खाल्ली. ते बघितल्यापासून मला जरा धास्तीच वाटायला लागलीय.

तर विचारायचं एवढंच की चिंपांझी खरंच माणसाच्या जवळपास हुशार असतो का, आणि असला तर सांभाळलेल्या माणसावरच का उलटतो? वडील म्हणतात शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळलेले होते, मग माकडानं काय घोडं मारलंय. जाणकारांनी सांगा, भाच्याला हाच धागा वाचायला देणार आहे.

दाजीपूर_वाट
दादा, बरं झालं विचारलं. मी गेली बरीच वर्षं राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात फिरतोय आणि चिंपांझीवर जे मिळेल ते वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हुशारीबद्दल शंकाच नको. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल १९६० साली टांझानियात गोंबेच्या जंगलात गेल्या, तिथं त्यांनी चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढून खाताना बघितला, पानं ओरबाडून डहाळीची काडी तयार करताना पण बघितला. तोवर सगळे धरून चालले होते की हत्यार करणं फक्त माणसालाच जमतं. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात ते दगडानं किंवा लाकडाच्या ओंडक्यानं कठीण कवचाची फळं फोडतात, खाली मुळाचा पाट करून, आणि पिल्लांना ते नीट जमायला कित्येक वर्षं लागतात, आईजवळ बसून बघत बघत शिकतात. सेनेगलमध्ये काठीचं टोक दातानं तासून झाडाच्या ढोलीत लपलेल्या बुशबेबीला, म्हणजे रात्री फिरणाऱ्या एका छोट्या प्राण्याला, भोसकताना बघितलेत. आणि जपानच्या क्योटो विद्यापीठात आयुमू नावाचा चिंपांझी आहे, त्याच्यापुढं स्क्रीनवर आकडे क्षणभर दाखवून झाकून टाकतात, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ, आणि तो झाकलेल्या चौकोनांवर बरोबर चढत्या क्रमानं बोट ठेवत जातो. २००७ साली ते प्रसिद्ध झालं तेव्हा कॉलेजची पोरं त्याच्यापुढं हरली होती.

आता दुसरी बाजू. त्याच गोंबेत १९७४ ते १९७८ एका टोळीनं फुटून निघालेल्या दुसऱ्या टोळीतले नर एकेक करून गाठून मारले. एकटा सापडला की चारपाच जण मिळून. हे एकमेकांना ओळखणारे, लहानपणी एकत्र खेळलेले चिंपांझी होते. गुडॉलबाईंना सुद्धा ते पचवायला जड गेलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो गोंबेतलाच फ्रोडो नावाचा चिंपांझी. १९७६ चा जन्म, म्हणजे जन्मल्यापासून आजूबाजूला वह्या घेतलेली माणसं बघत मोठा झालेला, त्यामुळं माणसाची भीती अशी राहिलीच नव्हती. त्यानं १९८९ साली खुद्द जेन गुडॉलना असं बडवलं की मान मोडता मोडता राहिली, आणि २००२ साली जंगलातनं चाललेल्या एका बाईच्या पाठीवरचं तान्हं बाळ ओढून नेऊन मारलं. चिंपांझी लहान माकडांची शिकार करून खातातच, त्याला ते बाळ तसंच दिसलं असणार. रानातला चिंपांझी माणूस दिसला की लांबनंच पळतो. हुशार जनावराची भीती मेली की मग खरा धोका सुरू होतो, आणि पन्हाळ्यावरचं तुमचं माकड त्याच वाटेवर आहे. आपणच केळी, बिस्किटं, वेफर्स देऊन त्याला शिकवलंय की माणूस म्हणजे खाऊ आणि माणूस काही करत नाही. गुडॉलबाईंनी पण सुरुवातीला चिंपांझी जवळ यावेत म्हणून केळी ठेवायला सुरुवात केली होती, तर त्या जागेवर मारामाऱ्या एवढ्या वाढल्या की केळी देणं कमी करावं लागलं.

जनावरांचा_डॉक्टर
वरचं अगदी बरोबर. मी कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो, मुख्य काम गाई-म्हशी आणि कुत्र्यांचं, पण माकड चावलेली माणसं आधी माझ्याकडंच विचारायला येतात म्हणून लिहितो.

त्या पन्हाळ्याच्या ताईंनी इंजेक्शन घेतलं का? नसेल आणि तुमच्या ओळखीच्या असतील तर आजच फोन करा. माकड चावलं, कातडी फुटली, रक्त आलं की जखम वाहत्या पाण्यात साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जायचं, रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स आणि जखमेत द्यायचं सीरम पण. हळद, चुना, तंबाखू काहीही लावायचं नाही. माकडाला काय रेबीज होतंय असं म्हणणारे भेटतात, होतो, कुठल्याही सस्तन प्राण्याला होतो.

दुसरं, त्या रील्समधला चिंपांझी दात दाखवून हसतोय असं वाटतं ना, तो घाबरलेला असतो. ओठ मागं ओढून वरखालचे दात आवळून दाखवणं ही त्यांच्यात भीतीची खूण आहे. खेळताना खुश असला तर तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात बहुतेक झाकलेले असतात. आता हे कळल्यावर ते व्हिडिओ परत बघा, कोट घालून केक कापायला बसवलेलं ते पिल्लू आणि त्याचा चेहरा, बघवत नाही हो. आपल्याकडच्या माकडांचं पण तसंच, तोंड गोल उघडून, भुवया वर करून एकटक बघायला लागलं की ती धमकी आहे. त्यावेळी डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, हातातली पिशवी मागं लपवायची पण नाही, हळूहळू मागं सरकायचं.

आणि सांभाळलेल्या माणसावर का उलटतो, तर पिल्लू मोठं होतं म्हणून. चिंपांझी चारपाच वर्षं आईला चिकटून असतो तोवरच तो रीलमध्ये गोड दिसतो. आठदहा वर्षांचा नर वयात यायला लागला की त्याला टोळीत आपली जागा पक्की करायची असते, आणि घरात टोळी कोण, तर तुम्हीच. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये २००९ साली ट्रॅव्हिस नावाच्या चिंपांझीचं तेच झालं. लहानपणापासून घरात वाढलेला, टीव्हीच्या जाहिरातीत काम केलेला, टेबलावर बसून जेवणारा, किल्लीनं कुलूप उघडणारा. मालकिणीच्या मैत्रिणीला तो कित्येक वर्षं ओळखत होता आणि तिच्यावरच धावून गेला, तिचा चेहरा आणि दोन्ही हात गेले. पोलिसांनी त्याला गोळी घातली. त्याची ताकद माणसाच्या पाचपट असते असं सगळीकडं लिहितात ते खरं नाही, वजनाच्या हिशोबात साधारण दीडपट भरते. पण सुळे बघा त्याचे, आणि चिंपांझी भांडताना बोटं, चेहरा आणि जांघेवरच जातो. पाचपट कशाला पाहिजे.

रंकाळा_साईड
मला हे जरा एकतर्फी वाटतंय. प्रेम लावलं की जनावर प्रेमच करतं. नांदणी मठाची हत्तीण माधुरी बघा ना, २०२५ च्या जुलैत तिला गुजरातला वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा आख्खा जिल्हा रडला, तिच्या डोळ्यात पाणी होतं ते सगळ्यांनी बघितलं. साठमारीच्या, म्हणजे हत्तीच्या झुंजीच्या काळापासून कोल्हापूरनं हत्ती सांभाळलेत. सगळं जंगली म्हणजे खुनी असं पोरांच्या डोक्यात भरवू नका.

आजरेकर
रंकाळा भावा, माधुरीसाठी मी पण मोर्च्यात होतो, त्यामुळं तुझ्या भावनेला हात लावत न्हाई. पण आमच्याकडं येऊन रानातला हत्ती बघ एकदा. २००२ पासनं कर्नाटकातनं हत्ती यायला लागले, चंदगड, आजरा, तिकडं दोडामार्ग. आमच्या टस्कराला लोकांनी चाळोबा गणेश असं नाव दिलंय, हात जोडतात त्याला, आणि त्याच रात्री तो ऊस नाहीतर केळीची बाग झोपवून जातो. दोन्ही खरंच हाय.

हुशारी विचारली म्हणून सांगतो. आमच्या शेजारच्या रानात सोलरचं कुंपण घातलं. हत्तीनं सोंडेनं तारेजवळ फुंकल्यागत केलं, माती उडाली, मग मागं गेला, वाळका ओंडका उचलून आणून तारेवर आडवा टाकला, तार खाली बसली, त्यावरनं पाय टाकून आत. सुळ्याला करंट लागत न्हाई हे पण त्यास्नी कळतं, सुळ्यानं खांब उपटतात. फणस कुठल्या बांधावर कधी पिकतो ते पक्कं ठाऊक, गेल्या साली ज्या दिवसात आला त्याच दिवसात यंदा हजर. असल्या जनावरापुढं बॅटऱ्या मारत, शिट्ट्या घालत, मोबाईल वर धरून तीसचाळीस पोरं पळतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

गव्याचं पण तेच. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूर शहराला लागून आला होता तेव्हा केवढी गर्दी झाली होती आठवा. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला गवा शिरला, लोकांनी पळवून पळवून शेवटी तो मेला. गवा लगेच अंगावर येत न्हाई, आधी आडवा उभा राहतो, आख्खं अंग दाखवतो, नाकानं जोरात फुस्स करतो. तो सांगत असतो की लांब हो. आमची म्हातारी माणसं अशा वेळी गप बसायची नाहीतर वाट बदलायची. हजार किलोचं जनावर हाय ते, मोठा नर तेवढा भरतो. एकटा नर असला तर जास्तच सांभाळायचं.

खुनी कोण म्हणत न्हाई भावा. त्याला त्याची जागा द्या एवढंच म्हणणं हाय.

शिवाजीपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या बाई ओळखीच्या नव्हत्या पण गडावरच्या दुकानदाराला त्यांच्या ग्रुपचा नंबर माहीत होता, निरोप दिलाय. भाच्यानं सगळं वाचलं, फ्रोडोचं वाचून गप्प झाला. पण त्याचं म्हणणं मार्मोसेट तर तीनशे ग्रॅमचं, ते काय करणार? आणि वडील चित्त्यावर अडून आहेत.

जनावरांचा_डॉक्टर
मार्मोसेट तुम्हाला फार काही करणार नाही, तुम्ही त्याचं वाटोळं कराल. ब्राझीलच्या जंगलातलं जनावर आहे, पाचदहा जणांच्या कुटुंबात राहतं, झाडाची साल दातानं कोरून त्यातला डिंक खातं. त्याला एकटं पिंजऱ्यात ठेवून केळी आणि सेरेलॅक दिलं की वर्षभरात हाडं मऊ पडतात, कारण या माकडांना ड जीवनसत्त्व आपल्यापेक्षा खूप जास्त लागतं आणि घरात ऊन मिळत नाही. माझ्याकडं एकानं असंच आणलं होतं, पाठीचा कणा वाकलेला, मागचे पाय ओढत होतं, उचललं की चिरकायचं. वाचलं नाही. मालक चांगला माणूस होता, हौसेनं ऐंशी हजार घातले होते, रडत होता. वयात आल्यावर ते चावतंही आणि घरभर मुतून वास लावत फिरतं, ती त्याची हद्द आखायची पद्धत आहे, शिक्षा करून जात नाही.

आणि कायदा पण बघा. आपल्याकडची बहुतेक माकडं पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच. परदेशी प्राण्यांना २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आणलंय, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जनावर कुठनं आलं त्याची कागदपत्रं लागतात. इन्स्टावर विकणाऱ्याकडं ती आहेत का एवढं भाच्याला विचारायला सांगा, बहुतेक ब्लॉकच करेल.

दाजीपूर_वाट
चित्त्याचं मी सांगतो. संस्थानच्या काळात चित्ते होते हे खरं, डोळ्यावर टोपी चढवून गाडीतनं माळावर न्यायचे आणि काळविटावर सोडायचे, चित्तेवान लोकांचं ते पिढीजात काम होतं. पण ते चित्ते रानातनं मोठे झालेलेच धरून आणलेले असायचे, पिंजऱ्यात त्यांची वीण जवळजवळ होतच नव्हती. म्हणजे दर वेळी रानातनं नवीन धरायचे, असं शेकडो वर्षं सगळ्या हिंदुस्थानात चाललं. शेवटी शेवटी आपल्याकडचे मिळेनात म्हणून कोल्हापूरला आफ्रिकेतनं आणावे लागले. आणि इथला चित्ता कायमचा संपला. वडिलांना एवढं नक्की सांगा. कुत्रं आपल्याजवळ बसतं त्यामागं हजारो वर्षांची निवड आहे, प्रत्येक पिढीत शांत स्वभावाचं ठेवत ठेवत आलेलं. चिंपांझीचं पिल्लू बाटलीवर वाढवलं म्हणून त्याच्या रक्तातलं काही बदलत नाही. शिवाय ते पिल्लू बाजारात येतं तेव्हा रानात त्याची आई मारलेली असते, जिवंत आई पिल्लू सोडतच नाही, आणि वाचवायला येणारे टोळीतले इतरही मरतात. रीलला एक लाइक दिला की ती मागणी तेवढी वाढते, म्हणून भाच्याला सांगा नुसतं बघणं पण बंद कर, रिपोर्ट कर.

पोराला जनावरांची ओढ आहे हे मात्र चांगलं आहे, ते मारू नका. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं निसर्गानुभव म्हणून कार्यक्रम घेतं, पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसून येणारी जनावरं मोजायची. राधानगरीत पण असतो, आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा पटकन भरतात, त्यामुळं एप्रिलपासनंच लक्ष ठेवा. गडद रंगाचे कपडे, अंगाला सेंट नाही, मोबाईल बंद, आणि डब्यात तळलेलं काही नको, वास लांबवर जातो. मी असतो तिथं बहुतेक, माझ्याबरोबर बसव त्याला.