नवीन साइट्स, अ‍ॅप्स यांचा पत्ता तुम्हाला आधी कसा लागतो?

वऱ्हाडी_ठेचा:
मंडळी, बावळट प्रश्न आहे, हसू नका. मी आपल्या वऱ्हाडी पदार्थांचे व्हिडिओ टाकते, छंद म्हणून, पण बघणारे बऱ्यापैकी आहेत. तर होतं असं की नवीन काही आलं की गावभर झाल्यावर मला कळतं. क्लबहाउस, ते आवाजी गप्पांचं अ‍ॅप, अँड्रॉइडवर आलं मे २०२१ मध्ये, मी तिथे पोचले तोवर गप्पा मारणारे उठून गेलेले. मग एका देशी अ‍ॅपवर (नाव नाही घेत) दोन वर्षं रोज इमानेइतबारे पोस्टी टाकल्या आणि ते अ‍ॅपच बंद पडलं, माझं लिहिलेलं सगळं गेलं. आता भाचा म्हणतो, मावशी तू अजून ब्लूस्कायवर नाहीस?? (ते ट्विटरसारखं आहे म्हणे.) हे या पोरांना कळतं कुठून, आणि कुठल्या गाडीत चढायचं नि कुठली सोडायची हे तुम्ही कसं ठरवता?

रात्रपाळी:
ताई, आरएसएस वापरा. संघ नव्हे हो, साइटवर नवीन काही आलं की ते आपोआप आपल्याकडे आणणारी सोय, त्या येणाऱ्या यादीला फीड म्हणतात. जुनाट वाटेल पण ऐका. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे या फीड वाचायचं गूगलचं ठिकाण, बंद झालं तेव्हा सगळ्यांनी आरएसएसचं तेरावं उरकून टाकलं, पण ते मेलंच नाही, पॉडकास्टचा बराचसा कारभार आजही त्याच्यावरच चालतो, यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला फीड असते, सबस्टॅकवरच्या न्यूजलेटरांना असते, मॅस्टोडॉनवर (हेही ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं) तर कुणाच्याही प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी .rss, म्हणजे टिंब आणि आरएसएस इंग्रजीत, जोडलं की झाली फीड तयार. मी फीडलीत, म्हणजे फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये, हे सगळं भरून ठेवलंय, रात्री दोन वाजता काम नसलं की चाळतो. प्रॉडक्ट हंट नावाच्या साइटवर पण रोज नवीन गोष्टींची यादी येते, लोक मतं देतात, पण हल्ली तिथे जिकडेतिकडे एआय, डोकं उठतं. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानवाल्यांच्या चर्चेच्या साइटवर 'शो एचएन' (स्वतः बनवलेलं दाखवायचा विभाग) बघा, तिथे बनवणारा माणूस स्वतः येऊन उत्तरं देतो, आणि खालच्या शिव्या वाचल्या की वस्तू कितपत टिकेल ते कळतं 😄

खडूस_काका:
नवीन शोधायचंच कशाला? ऑर्कुट गेलं २०१४ ला, छोट्या व्हिडिओंचं वाइन गेलं, गूगल प्लस २०१९ ला. इन्स्टावाल्यांच्या थ्रेड्सवर पाच दिवसांत दहा कोटी माणसं जमली म्हणे, त्यात मीही होतो, सहाव्या दिवसापासून उघडलेलं नाही. मायबोली १९९६ पासून आहे, बसा तिथे रेसिप्या लिहीत.

रात्रपाळी:
काका तुम्ही थ्रेड्सवर?? 😂

पाटीवाला:
काकांचा वैताग खरा आहे पण ताईंचा प्रश्न त्याने सुटत नाही. मी नवीन ठिकाणी गेलो की पहिलं हे बघतो की बाहेर पडायची वाट कुठंय. सेटिंगमध्ये आपला डेटा उतरवून घ्यायची सोय आहे का, आणि बघणारे लोक सोबत नेता येतात का. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे गेलात तर फॉलोअर येतात, जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, हे आधी माहीत असू दे. ब्लूस्कायवर तुमचं स्वतःचं डोमेन (विकत घेतलेला वेबसाइटचा पत्ता) हेच तुमचं नाव म्हणून लावता येतं, म्हणजे दुकान हललं तरी पाटी आपलीच. म्हणून आधी एक डोमेन घ्या, मग बाकीचं. आणि व्हिडिओच्या मूळ फाइली घरच्या हार्डडिस्कवर, यात वाद नको.

मिरजेची_पोर:
मी अ‍ॅप बघतच नाही हो, माणसं बघते. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आमच्याकडचे शेतातले, म्हशीवरचे व्हिडिओ करणारे सगळे एका रात्रीत बेघर झाले. आठवड्या-दहा दिवसांत टिकटॉकसारखंच मोज आलं, इन्स्टाने रील्स आणलं, अजून बरीच आली. कुठलं चालेल ते बातम्यांत शोधून कळेना, पण मी ज्यांना बघायचे त्यांच्यातले चार-पाच जण रील्सकडे सरकले तेव्हा समजलं. तेव्हापासून तीच पद्धत, विनोद करणारी पाचसहा माणसं हेरून ठेवलीत, ती एकाच आठवड्यात एकाच ठिकाणी दिसली की मी जाऊन आपलं नाव धरून येते, एसटीत रुमाल टाकतो तसं. बसायचं की नाही ते नंतर. आणि भाच्याला विचारत जा, लाजू नका.

वऱ्हाडी_ठेचा:
सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, फीडली जमलं, चौदा चॅनल टाकले, त्यातल्या एका बाईंनी कालच पाटोडी टाकलीय आणि मला यूट्यूबने दाखवलीच नव्हती. ब्लूस्कायवर रुमाल टाकून आले. पाटीवाला दादा, डोमेन घ्यायला बसले तर ठेचा आधीच कुणीतरी घेऊन ठेवलाय. झुणका चालेल का?

खडूस_काका:
भाकरी पण घेऊन ठेवा.