मदत हवी आहे: मुखवटे वाळत नाहीयेत, शनिवारी रंगवायचे आहेत

मुक्ता_ग
मुलांकडून मुखवटे करून घेतेय, त्यातून इथला इतिहास शिकवायचा आहे. रविवारी फुग्यांवर कागद चिकटवले. आज चौथा दिवस. नाकावर अंगठा दाबला तर आत जातो, तीन मुखवट्यांच्या कपाळावर काळे ठिपके आलेत. काय करू? लवकर सांगा.

सदाफुली
गच्चीत ठेवा की. उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतात.

रानवाटा
इथला म्हणजे कुठला? मुलं केवढी? खळ कशाची, थर किती?

मुक्ता_ग
अहो मेक्सिको, ग्वादालाहारा! पावसाळा आहे, रोज संध्याकाळी कोसळतो. आमच्या मराठी वर्गातली ११ मुलं, ७ ते १० वर्षांची. मैद्याची खळ, एकदम आठ थर.

बोरकरकाका
खळीत मोरचूद घाला. बाइंडिंगवाले घालतात, बुरशी येत नाही.

रानवाटा
काका, मोरचूद विषारी! मुलं हात तोंडात घालतात. मुक्ता, आठ थर एकदम दिलेत तिथेच चुकलं. दोन द्यायचे, वाळले की पुढचे दोन. आता फुगे फोडून काढा आणि मुखवटे जाळीवर उपडे ठेवून पंखा लावा. ठिपकेवाले टाकून द्या, ते तोंडावर बांधायचे आहेत.

बोरकरकाका
आम्ही वर्षानुवर्षं वापरलं, कुणाला काही झालं नाही.

कवडसा
एवढा खटाटोप कशाला? पुठ्ठ्याच्या कवट्या कापा. मेक्सिको म्हणजे मृतांचा दिवस.

मुक्ता_ग
नाही हो, तेवढंच नाही! कवट्या नोव्हेंबरात करूच. आत्ता पालेंकेचा माया राजा पाकाल करतोय, त्याच्या थडग्यात १९५२ साली जेडच्या तुकड्यांचा मुखवटा सापडला. मग गेरेरो राज्याचा 'तिग्रे', म्हणजे जॅग्वार. तिथे सित्लाला गावात मे महिन्यात जाड चामड्याचे मुखवटे चढवून माणसं पावसासाठी एकमेकांशी लढतात. शेवटी मिचोआकान राज्यातल्या नाचातले म्हातारे: गुलाबी हसरे चेहरे, काठी टेकत कण्हत येतात आणि एकदम लाकडी तळव्यांच्या चपला दणादणा आपटत नाचतात. स्पॅनिश लोकांची ती नक्कल, असंही सांगतात. सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "मग त्यांना राग नाही आला?" त्याला काय सांगू, हेही सुचवा.

पाड्यावरची
आमच्या मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं निघतात, ती दाखवा ना मुलांना. मुखवटा डोक्यावर चढला की आमचा ओळखीचा माणूस देव होतो. मुलांना ते लगेच कळतं.

मुक्ता_ग
हे मनाला भिडलं. फोटो आहेत का?

प्रवासी७
मेक्सिकोत शाकाहारी जेवणाची सोय होते का? डिसेंबरात येतोय.

रानवाटा
वेगळा धागा काढा. मुक्ता, पाकालला हिरव्या मासिक-कागदाचे चौकोन चिकटवा, रंग वाळायची भानगडच नाही. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांना खळीत बुडवलेली सुतळी. पंखा लावलात का?

मुक्ता_ग
लावला. तीन टाकले. त्यातला एक त्या प्रश्न विचारणाऱ्याचाच होता. उद्या त्याला लवकर बोलावून नवा फुगा देते, दोनच थर.