काजूवर हुमले मुद्दाम वसवावेत का?

परसदार:
आमचं घर कुडाळजवळ. परसात सात काजू, दोन हापूस, चिकू आणि माड. डिसेंबरात काजूला मोहोर आला की ढेकण्या हा किडा येतो, कोवळे शेंडे आणि तुरे शोषतो, आणि बघता बघता सगळं करपल्यासारखं काळं पडतं. पालवीला, मोहोराला आणि फळधारणेला अशा तीन फवारण्या करायला सांगतात. पण आमची विहीर त्याच झाडांच्या सावलीत आहे. तिथे विष मारायला माझा हात धजत नाही.

म्हणून मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर बांधावरच्या आंब्यांवरून हुमल्यांची घरटी आणली. हुमले म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या झाडमुंग्या. काही जण ओंबील म्हणतात. पहाटेच्या गारव्यात फांदीसकट घरटं पोत्यात घ्यायचं, काजूवर बांधायचं, झाडाझाडांत सुंभ ताणायचा. सुरुवातीला साखरपाणी आणि बांगड्याचे तुकडे ठेवले. पाच झाडांवर हुमले टिकले आणि तिथले तुरे हिरवे राहिले. दोन झाडांवर टिकले नाहीत, तिथे ढेकण्याने नेहमीसारखंच केलं.

युक्ती माझी नाही. इ. स. 304 च्या सुमाराचा, ची हान याच्या नावावर असलेला एक चिनी ग्रंथ आहे. त्यात संत्र्यांच्या झाडांसाठी मुंग्यांची घरटी चटईच्या पिशव्यांतून बाजारात विकायला येत, असं लिहिलंय. ऑस्ट्रेलियात डार्विनकडे रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी याच जातीच्या मुंग्यांवर आंबा-काजूच्या बागांत कितीतरी वर्षं काम केलं. मग आपण घरटं दिसलं की पेटता बोळा का लावतो? परसात हुमले वसवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन पोरांची आई:
दादा, मत वाचलं, पण मला अजिबात पटलं नाही. हुमला नुसता चावत नाही, चावलेल्या जागी पोट वाकवून आम्ल सोडतो. माझा धाकटा पाच वर्षांचा. पेरूवर चढला आणि मानेवर, कानामागे हुमलेच हुमले. घाबरून त्याने हात सोडले. खाली पातेऱ्याचा ढीग होता म्हणून निभावलं. शेतातल्या काजूवर काय हवं ते करा. परसात पोरं खेळतात, म्हातारी माणसं पहाटे विहिरीवर जातात, दांडीवर कपडे वाळतात. तिथे चावरा प्राणी पाळायचा नसतो.

काजूबाग:
ताईंशी सहमत, आणि माझं कारण वेगळं आहे. हुमले ढेकण्या मारतात हे खरं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांना गोड रस लागतो, आणि तो देतात पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. हुमले त्यांना राखतात, जवळ येणारे त्यांचे शत्रू हाकलतात, काही वेळा त्यांच्याभोवती पानांचं घरच शिवतात. तो चिकट रस खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. काजूला एक वेळ चालेल, कारण तिथे आपल्याला बी हवी. हापूसचं काय? हुमल्यांनी आम्ल उडवलं की फळाच्या सालीवर डाग पडतात. डागी फळ पेटीत जात नाही. शिवाय झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन वर चढायला गडी तयार होत नाही, ते वेगळंच.

परसदार:
आंब्याचं मान्य. मी काजूची आणि हापूसची एकमेकांना लागणारी फांदी न् फांदी छाटली आहे, सुंभ फक्त काजूंमध्येच आहे. पिठ्या एका झाडावर वाढला, तेवढ्या फांद्या साबणाच्या पाण्याने धुतल्या. ताई, विहिरीकडच्या झाडाचं तुमचं म्हणणं टोचलं. पण विहिरीत उतरणारं फवारणीचं पाणीही पोरंच पितात ना?

पानामागचा किडा:
दोन झाडांवर हुमले का टिकले नाहीत, यावर कुणीच बोललं नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

हुमल्यांची वसाहत म्हणजे एक घरटं नव्हे. एक वसाहत कितीतरी घरट्यांत, बरेचदा कितीतरी झाडांवर पसरलेली असते. अंडी घालणारी राणी मात्र त्यातल्या एकाच घरट्यात असते, बहुधा उंच, हात पोचणार नाही अशा जागी. तुम्ही हाताला लागली ती चार घरटी आणलीत. त्यांत कामकरी होत्या, अळ्या होत्या (पानं शिवायचा रेशमी धागा त्या अळ्यांचाच), पण राणी नसेल तर नवी कामकरी जन्मणार नाही. राणीविना कामकरी अंडी घालतात, त्यांतून फक्त नर निघतात. म्हणजे पाच झाडांवर जे दिसतंय तेही काही महिन्यांचंच असू शकतं.

दुसरं, घरटी दोन वेगळ्या आंब्यांवरून आणली होती का? वेगळ्या वसाहतींचे हुमले एकमेकांना वासावरून ओळखतात आणि एकत्र आले की मरेपर्यंत लढतात. आणण्याआधी एका झाडाची डहाळी दुसऱ्या झाडाला टेकवून बघायची. शांतपणे ये-जा झाली तर वसाहत एक. झटापट झाली तर घरटी जिथल्या तिथे ठेवायची.

त्यामुळे वसवण्याच्या मी विरोधात आहे, राहू देण्याच्या बाजूने. आपणहून आलेली वसाहत राणीसकट येते. काजूंच्या फांद्या एकमेकींत मिसळू द्या, फवारणी थांबवा, बोळा लावू नका. त्या झाडावर मग इतरही जीव येतात. हुबेहूब हुमल्यासारखा दिसणारा उड्या मारणारा कोळी मी आमच्या काजूवर पाहिलाय. त्याचे पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले असतात.

माहेर कुडाळ:
आमच्याकडे हुमल्यांचां घर दिसला की आजी म्हणायची, रवांदे, ता आपला काय खाता? लहानपणी राग यायचा. आता तिथले तीन काजू आठवतात, ज्यांना कधी कुणी औषध मारलं नाही.

गच्चीवरची बाग:
पुण्यात गच्चीवर हे करायच्या विचारात असाल तर कृपा करून करू नका. कुंड्यांत हुमले टिकणार नाहीत, त्यांना दाट पानांची झाडं लागतात. आणि कुठलीही मुंगी लांबून आणून सोडणं धोक्याचं. 2022 मध्ये तमिळनाडूत करंदमलैच्या पायथ्याच्या गावांत ‘पिवळ्या वेड्या’ जातीच्या मुंग्या इतक्या माजल्या की गुरांनाही त्रास झाला. कुंडीतल्या मातीत आपणहून आलेले मुंगळे राहू द्या. मेलेले किडे तेच उचलतात, त्यांच्या बिळांनी माती भुसभुशीत होते.

परसदार:
घरटी दोन आंब्यांवरूनच आणली होती. आज डहाळी टेकवून पाहिली आणि लगेच जुंपली. मागच्या वर्षी किती हुमले असे फुकट मारले असतील, याचं खरंच वाईट वाटतं. यंदा नवी घरटी आणणार नाही. पण आहेत ते काढणारही नाही.

दोन पोरांची आई:
निदान विहिरीच्या वाटेवरचा सुंभ तरी सोडा.

परसदार:
सकाळीच सोडला, ताई. वाटेवर वाकलेली फांदीही छाटली. त्या झाडावर यंदा काय होतं, ते मोहोर आला की इथेच कळवतो.