मार्ताने एवढे क्लब का बदलले?

बाकावरचा_बारावा

परवा झोप येईना म्हणून ब्राझीलच्या फुटबॉलपटू मार्ताचे जुने गोल बघत बसलो, एक झाला की दुसरा करत पहाटेचे तीन वाजले. बाई कमाल आहे यात वादच नाही. मग दुसऱ्या दिवशी तिची करिअर वाचायला घेतली आणि डोकं गरगरलं. मी आजवर पुरुषांचं फुटबॉलच बघत आलोय त्यामुळे माझ्या लेखी मोठा खेळाडू म्हणजे एका क्लबात आठ-दहा वर्षं मांड ठोकून बसलेला. हिचं बघा, २००९ ला लॉस एंजेलिस सोल, २०१० ला गोल्ड प्राईड, २०११ ला वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश, २०१२ ला स्वीडनमधलं त्यूरेसो, २०१४ ला तिथलंच रोझेनगॉर्ड. सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली बाई दरवर्षी बॅग भरून निघतेय! पैशासाठी? की कोणाशी पटायचं नाही?

आणि जाता जाता, वर्ल्ड कप एकदाही नाही, तरी तिला सर्वश्रेष्ठ म्हणायचं का?

डावखुरी_१०

पटायचं नाही वगैरे काही नाही हो. ती क्लब सोडत नव्हती, क्लबच तिच्या पायाखालून जात होते.

सुरुवातीपासून सांगते. दोईस रियाशोस म्हणजे ब्राझीलच्या अलागोआस राज्यातलं कोरड्या भागातलं छोटंसं गाव, जन्म १९८६ चा. बाप ती तान्ही असतानाच घर सोडून गेला, आईने काबाडकष्ट करून चार पोरं वाढवली. ही मुलांच्यात खेळायची आणि त्यांना नाचवायची, त्यामुळे एका स्पर्धेत हिला घ्याल तर आम्ही टीम काढून घेतो म्हणून एक कोच अडून बसला आणि आयोजकांनी हिलाच बाहेर काढलं. चौदाव्या वर्षी एकटी बसमध्ये बसून तीन दिवसांचा प्रवास करून रिओला गेली, वास्को द गामा क्लबच्या निवड चाचणीला. निवड झाली. पुढे दोनेक वर्षांत वास्कोने महिला विभागच गुंडाळला. हा पहिला.

मग २००४ मध्ये अठराव्या वर्षी स्वीडनच्या उत्तरेला ऊमेओ क्लबला. कुठे अलागोआसचं ऊन आणि कुठे तो बर्फ, भाषा येत नाही, पण पोरीने पहिल्याच वर्षी युरोपचा कप जिंकला आणि २००५ ते २००८ अशी ओळीने चार वर्षं लीग. तुम्ही म्हणता तशी मांड ठोकून बसलेली मार्ता बघायची असेल तर ही पाच वर्षं बघा.

आता तुमची यादी. २००९ मध्ये अमेरिकेत नवी लीग निघाली. सोल साखळीत अव्वल, हिचे सर्वात जास्त गोल, फायनल हरले, आणि जानेवारी २०१० मध्ये क्लब बंद. मग गोल्ड प्राईड, तिथे २४ सामन्यांत १९ गोल, लीग जिंकली, काही आठवड्यांत तोही क्लब बंद. मग फ्लॅश, तिथेही विजेतेपद, आणि आता क्लब राहिला पण २०१२ चा सीझन रद्द होऊन अख्खी लीगच बुडाली. तीन वर्षांत तीन क्लब, यातला एक तरी तिने स्वतःहून सोडला का सांगा.

उगाच_एक

पनवती म्हणायची मग :D

डावखुरी_१०

पनवती कसली, जिंकून देऊन बेघर होणारी बाई आहे ती. त्यूरेसोचं तर ऐकाच. २०१२ ला लीग जिंकली. मे २०१४ मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर वोल्फ्सबुर्ग, त्यूरेसो २-० ने पुढे, शेवटी ४-३ ने हरले, तीनातले दोन गोल मार्ताचे. क्लब तेव्हाच दिवाळखोरीत होता. पुढे काही आठवड्यांतच त्यांनी लीगमधून माघार घेतली आणि त्या सीझनचे त्यांचे निकालच रद्द झाले. म्हणजे युरोपची फायनल खेळलेली टीम महिन्याभरात नाहीशी.

आणि दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत ती ब्राझीलच्या सांतोस क्लबकडून खेळायला जायची, २००९ ला त्यांच्यासोबत महिलांची पहिलीच लिबर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) जिंकली, तर २०१२ च्या सुरुवातीला सांतोसनेही महिला संघ बंद केला. नंतर परत काढला तो भाग वेगळा.

हिशेबनीस

वरचं सगळं मान्य पण थोडं पाणी ओततो. पैशाचा संबंध अजिबातच नव्हता असं म्हणू नका. अमेरिकेतल्या त्या लीगमध्ये सर्वात जास्त पगार हिचा होता. प्रेक्षक मोजके, टीव्हीचे पैसे नावाला, मालकाने खिशातून घालत राहायचं आणि खर्चात सर्वात मोठा आकडा एकाच खेळाडूचा, असं किती दिवस चालणार. त्यूरेसोचंही तेच, आवाक्याबाहेरच्या खेळाडू घेतल्या. दोष तिचा नाही, मिळतंय तर कोण सोडेल, पण स्टार आणून गर्दी होईल हा हिशेब तेव्हा चुकला.

सध्याची अमेरिकन लीग २०१३ ला सुरू झाली ती का टिकली बघा. सुरुवातीला राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या फुटबॉल संघटना भरायच्या. क्लबवरचं ओझं हलकं झालं. त्याआधीच्या दोन लीग तीन-तीन सीझन खेळून संपल्या होत्या.

ऑफसाईड_ताई

हिशेबनीस, तुमचा हिशेब बरोबर आहे पण तो अर्ध्यावरून सुरू होतो. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकमाने बायकांना त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ खेळायला मनाई होती, त्यात फुटबॉल आलं, आणि ही बंदी उठली १९७९ ला. मार्ताच्या जन्माआधी फक्त सात वर्षं! महिलांचा पहिला वर्ल्ड कप १९९१ चा. पुरुषांचे क्लब शंभर वर्षं तोट्यात-फायद्यात खेळत मोठे झाले आणि बायकांच्या क्लबला मात्र तीन सीझनमध्ये कमावून दाखव म्हणायचं, हे कुठलं गणित?

आता वर्ल्ड कप. नाही जिंकला, खरं आहे. २००७ च्या फायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी तिचीच अडवली गेली, तेही लपवायचं कारण नाही. २०११ ला उपांत्यपूर्व फेरीत तिने दोन गोल केले, अमेरिकेने १२२ व्या मिनिटाला बरोबरी करून पेनल्टीवर घालवलं, तो सामना आठवला की अजून चिडचिड होते. पण सहा वर्ल्ड कपमध्ये मिळून १७ गोल, २०२३ पर्यंत पुरुष-बाई कुणाचेच एवढे नव्हते, जर्मनीचा क्लोजा १६ वर होता. ऑलिम्पिकची तीन रौप्यं, २००४, २००८ आणि २०२४. २००७ ला अमेरिकेविरुद्धच्या सेमीफायनलमधला दुसरा गोल पाहिलात का? पाठ गोलकडे, टाचेने चेंडू डिफेंडरच्या एका बाजूने सोडला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने वळून गेली, मग अजून एकीला चकवून गोल. अमेरिका तोवर ५१ सामने हरली नव्हती, त्या दिवशी ४-० ने हरली.

बाकावरचा_बारावा

बापरे. मी प्रश्न काय विचारला आणि निघालं काय. पैशासाठी हा शब्द मागे घेतो, अर्धा तरी. (तो टाचेचा गोल पाहिलाय, त्यातच तर तीन वाजले.)

मग अमेरिकेतल्या ऑर्लँडो क्लबला २०१७ पासून आहे ती, तिथे इतकी वर्षं कशी टिकली?

डावखुरी_१०

क्लब जागेवर राहिला म्हणून :)

गंमत म्हणजे तिथे बरीच वर्षं जिंकणं दूरच, प्लेऑफचीही मारामार. त्यात मार्च २०२२ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, वय ३६, मला वाटलं संपलं. पूर्ण सीझन बाहेर होती. २०२३ ला परतली आणि २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी कॅप्टन म्हणून साखळीत पहिला नंबर आणि लीग दोन्ही. २०२५ च्या कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनलला तर बदली म्हणून उतरून कोलंबियाविरुद्ध भरपाई वेळेत बरोबरीचा गोल केला, नंतर शूटआऊटमध्ये तिचीच पेनल्टी हुकली आणि तरी ब्राझील जिंकलं. हिच्या बाबतीत साधंसरळ काही होतच नाही.

उगाच_एक

पनवती मागे घेतली.

ऑफसाईड_ताई

बारावे, आज रात्री जागणार असाल तर २०२४ च्या अमेरिकन लीगच्या सेमीफायनलमधला कॅन्सस सिटीविरुद्धचा गोल लावा. डिफेंडरना चकवते, गोलकीपरलाही बाजूला काढते आणि मग चेंडू आत. पायांकडे नका बघू, खांदे बघा, सगळ्या जणी खांद्याला फसल्यात.