क्रॉसओव्हर : सीमोल्लंघन की सांधेबदल?

रॅपवरचा एक लेख मराठीत करतेय. 'क्रॉसओव्हर'पाशी अडले. 'संक्रमण' लिहिलं तर आईने विचारलं, संक्रांतीचं की तापाच्या साथीचं? 'सीमोल्लंघन' चालेल? आणि रॅप म्हणजे 'र्‍हिदम अँड पोएट्री'चं लघुरूप, हे बरोबर ना?

*

लघुरूप नाही, ते मागाहून जुळवलेलं आहे. इंग्रजीत रॅप म्हणजे मुळात टकटक. पुढे साठच्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत तो 'बोलणं, गप्पा' या अर्थाने रुळला. गाण्याला तो नंतर चिकटला. (आपणही गप्पा ठोकतोच की.)

सीमोल्लंघन मला नको वाटतं. दसऱ्याला आपण आपल्या पायांनी शीव ओलांडतो आणि सोनं घेऊन घरी येतो. इथे शीव आखणारे दुसरेच. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संगीताची लोकप्रियतेची यादी वेगळी, पॉपची वेगळी. एकीतलं गाणं दुसरीत चढलं की क्रॉसओव्हर. 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं 1979 मध्ये आलं आणि पॉपच्या यादीत 36व्या क्रमांकापर्यंत गेलं. 1986 मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथ या रॉक बँडला सोबत घेऊन त्यांचंच जुनं गाणं नव्याने केलं, ते थेट चौथ्यावर.

म्हणून मी 'सांधेबदल' म्हणेन. लोकल स्लोवरून फास्टला जाते तेव्हा गाडी तीच, डबे तेच. पायाखाली खडखडाट होतो, दारातले लोक दांडी घट्ट धरतात, आणि पुढे थांबे बदललेले असतात.

*

शब्द झकास. पण आपल्याकडे नुसते रूळ नाही बदलले, भाषाही बदलली. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर केलं. पुढच्या वर्षी डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरबरोबर 'मेरे गली में'. व्याकरणाने 'मेरी' हवं, पण मुंबईत कोण अडवतंय? 2019 च्या 'गली बॉय' सिनेमानंतर तर आमच्या सोसायटीतले पेन्शनर काका वॉचमनला 'बंटाय' (म्हणजे भाऊ, दोस्त) म्हणायला लागले. त्यांना वाटलं, ते त्याचं नाव आहे.

मराठीत 'गल्ली' घ्यायला जावं तर ल दुहेरी, ठेक्यावर जीभ अडते. 'गली'च बरी.

*

आणि 'बार'चं काय? रॅपवाले 'काय बार टाकलाय' म्हणतात, तेव्हा चार मात्रांचं एक आवर्तन, पर्यायाने एक ओळ. आपल्या कानाला बंदुकीचा बार ऐकू येतो. तेही चुकीचं नाही!

*

'सांधेबदल' घेतला. संपादकांचा निरोप आलाय : छान आहे, पण शीर्षकात क्रॉसओव्हरच ठेवू.