ताठरता आली की बाक येतोय आणि दुखतंय. कुणाला अनुभव?

गुण्या_ओळंबा

(डुआयडी, म्हणजे खोट्या नावाचं दुसरं खातं आहे, समजून घ्या. मूळ आयडी मेव्हण्याला माहीत आहे.)

वय ५३. सांगलीजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड. नऊ वर्षांपासून शुगर. मार्चमध्ये लक्षात आलं की ताठ झाल्यावर लिंग वरच्या अंगाला वाकतंय. सत्तावीस वर्षांच्या संसारात असं कधी नव्हतं. ताठ झालं की मध्यावर चमक मारते, एरवी काही नाही. तिथंच कातडीखाली काहीतरी कडक लागतं, सीताफळाच्या बीएवढं. कातडी वरून सरकते, पण ते जागचं हलत नाही. लघवी व्यवस्थित.

धंद्याची सवय, म्हणून लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बाथरूममध्ये मापलं. ४० अंश. ग्रिलच्या पट्टीला एवढा बाक आला तर ऐरणीवर ठेवून ठोकतो. हे कुठं ठोकणार!

पहिली भीती कॅन्सरची. दुसरी बायकोची. सुरुवातीला ‘पाठ भरलीय’ म्हणून बाहेरच्या खोलीत झोपलो, आता तिला वाटतंय माझं मन उडालंय. मधेच स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचून एका ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे गेलो. त्यानं पँटची चेनसुद्धा उघडायला लावली नाही. नाडी बघितली, ‘तरुणपणच्या चुका’ म्हणाला आणि ३८०० रुपयांचं तेल दिलं. चोळून चोळून दुखणं वाढलं. त्यात यंदा वेल्डिंगचा हातमोजाही धड जात नाही, करंगळीशेजारचं बोट आखडलंय. असो, ते वयाचं.

हे नेमकं काय आहे? ऑपरेशनच लागतं का? आणि दाखवायचं कुणाला, चर्मरोगवाल्याला का?

निवांत_पेन्शनर

गुण्याभाऊ, आधी ते तेल मोरीत ओता. आणि हातमोज्याला ‘असो’ म्हणू नका, तुमच्या धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. पंजा टेबलावर पालथा टेकवून बघा. सपाट बसत नसेल आणि तळहातात दोरीसारखं काही लागत असेल तर त्याला ड्युप्युट्रन म्हणतात. ते असलेल्या माणसांत तुम्ही लिहिलंय तो बाक जास्त दिसतो. त्याचं नाव पेरोनीज. पेरोनी हा फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा शल्यविशारद, त्यानं १७४३ साली हे लिहून ठेवलं. तेव्हा आपणच पहिले असं समजू नका.

सायकलच्या ट्यूबला एका अंगाला पॅच मारा आणि हवा भरा. पॅच ताणत नाही, म्हणून ट्यूब त्या बाजूला वळते. लिंगात रक्त भरतं त्या पोकळ्यांभोवती एक चिवट पिशवी असते. तिला बारीकसारीक इजा होते, ती नीट भरून येत नाही आणि तिथं व्रणाचा कडक चट्टा धरतो. तोच तुमचा पॅच. हा कॅन्सर नव्हे, आणि तरुणपणच्या चुकाही नव्हेत.

मला वयाच्या ५८ व्या वर्षी झालं. एका डॉक्टरांनी चार महिने ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, बाक होता तिथंच. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं की अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या (मूत्रविकारतज्ज्ञांच्या) संघटनेनं २०१५ मध्येच या आजारात ई देऊ नका असं सांगितलंय. या दुसऱ्या डॉक्टरांनी मला थांबायला लावलं. दुखणं आठेक महिन्यांत आपोआप गेलं, बाक ५० अंशांवर येऊन थांबला. नंतर सहा महिने तो हलला नाही, तेव्हा कुठं ऑपरेशन. चट्ट्याला हात लावत नाहीत. त्याच्या समोरच्या, लांब बाजूला टाके घालून ती आखडून घेतात. त्यात लांबी कमी होते. माझी दीडेक सेंटिमीटर गेली, आणि पुढची कातडीही काढली. डॉक्टरांनी हे आधीच कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, नाहीतर मी हबकलो असतो. सहा आठवडे ब्रह्मचर्य. टाक्यांच्या गाठी बोटाला अजून लागतात. आज जवळपास सरळ आहे, काम चालतं.

दाखवायचं यूरॉलॉजिस्टला. आणि आज रात्री वहिनींशी बोला. मी पाच महिने गप्प बसलो होतो. शेवटी हिनं माझा मोबाईल तपासला आणि त्यात सापडले ते बाकाचे फोटो. पुढचं लिहीत नाही.

स्टेथोस्कोपवाला

यूरॉलॉजीत काम करतो. न तपासता निदान करणार नाही, पण पेन्शनरकाकांचा रोख बरोबर आहे. थोडी भर घालतो.

ते फोटो काढायचेच असतात, वरून एक आणि बाजूनं एक. डॉक्टरांना दाखवून पुसून टाका. गरज पडली तर दवाखान्यात लिंगात इंजेक्शन देऊन ताठरता आणतात, कोन मापतात आणि डॉपलर सोनोग्राफीवर रक्तपुरवठा बघतात. त्या दिवशी ताठरता चार तासांत उतरली नाही तर थेट इस्पितळ गाठायचं, लाजायचं नाही.

टाक्यांचं ऑपरेशन ताठरता चांगली असेल तरच. बाक ६० अंशांच्या पुढे असेल किंवा लिंग मधेच बारीक होऊन कंबर पडल्यासारखं झालं असेल तर चट्टा कापून तिथं ठिगळ लावतात. त्यात लांबी राखता येते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा किंवा बधिरपणाचा धोका जास्त. मधुमेहात ताठरताच गेली असेल आणि औषधांना दाद देत नसेल तर आत कृत्रिम आधार बसवतात, बाकही त्याच वेळी सरळ करतात. चट्टा विरघळवणारं कोलाजिनेजचं इंजेक्शन अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालं. तेही बाक स्थिरावल्यावर आणि ३० अंश किंवा जास्त असेल तर. शॉकवेव्हनं, म्हणजे यंत्रानं बाहेरून लहरींचे धक्के देऊन, दुखणं कमी होऊ शकतं. तिनं बाक सरळ होतो म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

संबंधाच्या वेळी ‘टक्’ आवाज, लगेच सूज आणि वांग्यासारखा रंग, हे मात्र वेगळं प्रकरण. तिथं थांबायचं नाही, त्याच रात्री इस्पितळ.

बावीस_नंबर

विषय भरकटवतोय, सॉरी. वय २२, माझा बाक कळतं तेव्हापासून आहे, खालच्या बाजूला. दुखत नाही, गाठ नाही. हस्तमैथुनामुळे झालं असेल का? लग्न होईल ना?

स्टेथोस्कोपवाला

@बावीस_नंबर, त्यानं होत नाही. तुझा जन्मजात दिसतोय, दोन बाजूंची वाढ सारखी नसली की होतो. संबंधाला अडचण येत नसेल तर हात लावायचं कारण नाही. लघवीचं छिद्र टोकाला आहे ना? खाली असेल तर एकदा दाखवून घे.

गुण्या_ओळंबा

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार.

त्याच रात्री हिला सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं बाहेर काही आहे.’ कोल्हापूरला यूरॉलॉजिस्टकडे दोघं गेलो. खरं सांगतो, त्यांनी आधी माझा तळहातच बघितला. पेरोनीज पक्कं. अजून पहिला, म्हणजे बाक स्थिरावण्याआधीचा, टप्पा चालू आहे म्हणे, म्हणून आत्ता कापाकापी नाही. दुखण्याची गोळी, आणि शुगर आटोक्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी ९.१ निघाली, तिथं बोलणी खाल्ली. संबंध ठेवायला मनाई नाही, फक्त जिथं जोरात वाकेल तशी पद्धत नको. हे सांगताना हिनं खिडकीबाहेर बघितलं आणि मी छताकडे.

त्यांच्या मापात बाक ३५ अंश आला. माझ्या कोनमापकात पाच अंशांची चूक. दरवाजाच्या चौकटीत एवढी चूक केली असती तर गिऱ्हाईकानं परत पाठवली असती. नोव्हेंबरमध्ये फोटो घेऊन परत बोलावलंय.

तेलाची उरलेली अर्धी बाटली शटरच्या पट्ट्यांना लावली, शटर झकास सरकतंय. हातमोजा मात्र अजून जात नाही. त्याला हाताचा वेगळा डॉक्टर सांगितलाय.