चांदोलीत तंबू टाकून राहता येतं का? गव्यांची पण भीती वाटते

कळंब्याचा_भटक्या
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, दोन भाऊ आणि मेहुणा असे चौघं चांदोलीत दोन रात्री तंबू टाकून राहायचा बेत करतोय. दिवसा झोळंबीच्या सड्याकडं (वरचं खडकाळ पठार) भटकायचं, जमलं तर प्रचितगडापर्यंत जायचं आणि संध्याकाळी शेकोटी. तंबू, स्लीपिंग बॅग सगळं घेऊन झालंय. पण घरात विषय काढल्यापासून आई रोज गव्याचे व्हिडिओ पाठवतीय आणि आता तर ताडोबाहून वाघीण आणून सोडलीय म्हणून मेहुण्याची पण टरकलीय. खरंच किती धोका हाय? परवानगी कुणाकडं मागायची?

सडा_आणि_धुकं
भावा, आत तंबू टाकायचं डोक्यातनं काढून टाक. चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० ला कोयना अभयारण्यासोबत मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणजे तू म्हणतोयस तो बराचसा भाग कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात येतो. तिथं रात्री पर्यटकाला थांबू देत नाहीत. शेकोटी तर वन्यजीव कायद्यानं सरळ गुन्हा, आणि डिसेंबरात सड्यावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरे. दिवसा मणदूरकडच्या बाजूनं पास काढून, गाइड घेऊन आत जाता येतं. प्रचितगडाला संगमेश्वरकडच्या शृंगारपूरहून चढतात, पण त्यालाही वनखात्याला आधी विचारूनच जा, पोचल्यावर परत पाठवलं तर दिवस वाया.

राधानगरी_रोड
वरच्यांशी सहमत. आणि वाघाचं काय घेऊन बसलाय, वाघ दिसला तर जन्माचं सार्थक म्हणा! भ्यायचं तर गव्याला आणि अस्वलाला भ्या. आमचं शेत जंगलाला लागून आहे, उसात गवा शिरणं आम्हाला नवीन नाही. कळप असला तर फारसं टेन्शन नसतं, आपला वास लागला की वाट सोडून जातात. एकटा फिरणारा नर असला तर मात्र जपायचं. काळाकुट्ट अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यागत पाय, वजन पार हजार किलोच्या घरात. त्याची नजर बेताची पण नाक लई तिखट. तो आधी फुस्कारतो, मग अंग आडवं करून उभा राहतो, आपला आकार दाखवतो, मान खाली घालून शिंगं हलवतो. बघायला फोटोसाठी पोज दिल्यासारखं वाटतं आणि पोरं तिथंच मोबाईल काढतात. ती पोज नसते, ‘मागं सर’ म्हणून सांगणं असतं. पाठ न फिरवता हळूहळू मागं यायचं, मोठं झाड आडोशाला घ्यायचं. बरोबर वासरू असलेल्या गायीच्या आणि वासराच्या मधे तर चुकूनसुद्धा जायचं नाही.

पक्या_उत्तरेश्वर
एवढं कशाला वो, दोन सुतळी बॉम्ब खिशात ठेवा, लावला की गवा कोकणात उतरतोय बघा 😄

सडा_आणि_धुकं
@पक्या असले सल्ले देऊ नको मर्दा. बिथरलेला गवा कुठं पळंल ते त्याला तरी ठाऊक असतं का? शहरात गवा आला की शंभर जणांची गर्दी आरडाओरडा करत मागं लागते आणि तिथंच माणसं जखमी होतात. शिवाय जंगलात फटाके सापडले तर केस होईल ती वेगळीच.

दाजीपूरवेडा
चौघांना जंगलातच रात्र काढायची हौस असेल तर दाजीपूरला जावा की. राधानगरी अभयारण्याच्या गेटजवळ राहायची सोय आहे, आधी बुकिंग करून जा. १९५८ ला गव्यांसाठी म्हणून जाहीर झालेलं जंगल ते, त्याआधी शाहू महाराजांचं शिकारीचं रान. सकाळी लवकर गाइड घेऊन सावराई सड्याकडं निघा, धुकं फाटायच्या आत गवे उघड्यावर चरत असतात. करड्या रंगाचे कपडे घाला, सेंट मारू नका, आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा (हे मुद्दाम लिहितोय, तिथं येऊन गाणी लावणारे बघितलेत). पायात बूट पाहिजेतच, फुरसं वाळक्या पाल्यात दिसतसुद्धा नाही. रात्री लघवीला उठलात तरी आधी टॉर्च मारून जमीन बघायची.
आणि अगदी आतच रात्र काढायची असेल तर बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतं, त्यासाठी नाव नोंदवा. रात्रभर गप्प बसायचं, पण चांदण्यात पाण्यावर आलेला गवा बघितला की झोपेचं काही वाटत नाही.

कळंब्याचा_भटक्या
दाजीपूर फिक्स! आईला पण सांगितलं, जरा शांत झालीय. तंबू मसाईच्या पठारावर वापरू का मग?

राधानगरी_रोड
मसाईवर पण गवे येतात दादा, पठाराखालच्या गावात घराच्या अंगणात टाका तंबू, घरमालकाला विचारून. आणि सुकं मटण डब्यात भरून तंबूत उशाशी ठेवू नका, वासानं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. धपाटी, खर्डा, दही न्या.

पक्या_उत्तरेश्वर
मटण नाही तर मेहुणा येणार हाय का पण?

कळंब्याचा_भटक्या
तेच विचारतोय तो आत्ता 😂 जाताना राधानगरीत जेवून घेऊ म्हणलं.